पिवळी पट्टी जिकडे, मार्जिन तिकडे वाढवा

मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, तेरवीला चार दिवस उरले होते. दारव्ह्याहून फोटोची फ्रेम करून आणली, दिवाणावर भिंतीला टेकवून ठेवली. सासूबाईंनी चष्मा पुसला, एकदाच पाहिलं अन् म्हणाल्या, "काहून व, तुह्या मामाजीले असं वर काहून चढवलं? एका अंगाले बी सरकले ते."

खरंच होतं. डोक्यावर एक बोट पांढरा कागद, खाली दोन बोटं. डावीकडची पांढरी कड बारीक, उजवीकडची जाड. मी शिवणकाम करते, बावीस वर्षं झाली. गळा मध्यावरून एक सूत सरकला तर गिऱ्हाइकाच्या आधी मला दिसतो. आणि घरच्याच माणसाचा फोटो मी असा छापून, वर काच लावून आणला होता.

प्रिंटर घरात आला तो मुलीच्या प्रोजेक्टसाठी. टाकीत शाई ओतायचा, मागून कागद घेणारा. ती शिकायला अमरावतीला गेली, यंत्र माझ्या खोलीत राहिलं. आता आधारच्या झेरॉक्स, अर्जावरचे फोटो, तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी धरून उभ्या पोट्ट्यांचे फोटो, सगळं शिलाई मशीनच्या बाजूलाच छापून निघतं. तरी त्या चार दिवसांत मी फोटो पेपरचे सहा कागद वाया घालवले. आधी सेटिंग बदलायची, मग छापायचं, मग कपाळाला हात लावायचा. कापडाला मी कधी असं करत नाही. कापड आधी मोजते, मग कात्री उचलते. कागदाला कोणता नियम वेगळा आहे?

दोन रंगांची परीक्षा

फोटो मध्यावर नाही हे डोळ्याला दिसतं, पण किती सरकलाय ते दिसत नाही. त्यासाठी मी एक रीत बसवली आहे. साधे ए-४ कागद पाच-सहा, पेन्सिल, आणि लेकराच्या कंपासमधली फुटपट्टी एवढंच लागतं. शिलाईची टेप घेऊ नका. वापरून वापरून ती ताणली जाते, आणि इथे हिशोब मिलिमीटरचा आहे.

कॉम्प्युटरवर पेंट उघडा. चित्र काही काढायचं नाही. रंगाची बादली घ्या आणि सगळा कॅनव्हास फिकट पिवळा करा, हळदीच्या पाण्यासारखा. सेव्ह करा. मग त्यालाच फिकट निळा करा आणि दुसऱ्या नावाने सेव्ह करा. कॅनव्हासचा आकार दोन्हीत तोच राहिला पाहिजे. फुली का काढत नाही, असं मुलीनेही विचारलं होतं. फुली हातानेच मध्यावर काढावी लागते आणि चूक तिथूनच सुरू होते. सगळा कॅनव्हासच रंगवला की त्याच्या मध्याची काळजी उरत नाही.

आता पिवळी फाइल उघडून फाइल, प्रिंट, पेज सेटअप असं जा. तिथे सेंटरिंग नावाचा चौकोन आहे. त्यातल्या हॉरिझॉन्टल आणि व्हर्टिकल दोन्हींवर खूण करा. चारही मार्जिन २० मिलिमीटर करा. तुमच्याकडे इंच दिसत असतील तर चारही बाजूंना ०.८ टाका. स्केलिंगमध्ये 'फिट टू' नको, 'ॲडजस्ट टू' ठेवा, आणि टक्के असे घ्या की चौकोन पानावर पंजाएवढा येईल. कागदाच्या साइजला मात्र अजून हात लावू नका, जो आहे तोच राहू द्या. चोर पकडायचा आहे, त्याला आधीच पळवून लावायचं नाही.

कागदाच्या वरच्या कडेला पेन्सिलने 'वर' लिहा. मागून कागद घेणाऱ्या प्रिंटरमध्ये छापायची बाजू आपल्याकडे आणि 'वर' असलेली कड खाली, कारण तीच आधी आत जाते. पिवळा छापा. पाच मिनिटं वाळू द्या, नाहीतर रोलर ओला रंग पुढे ओढतो. मग तोच कागद, तीच बाजू, फक्त उलटा फिरवा. आता 'वर' हे वरच्या टोकाला दिसेल, आणि आधी खालची कड आत जाईल. आणि त्याच आकड्यांवर निळा छापा. निळी फाइल उघडल्यावर पेज सेटअपचे आकडे तेच आहेत ना, ते पुन्हा पाहून घ्या. मी एकदा पाहिले नाहीत, आणि निकाल असा आला की प्रिंटरलाच चढली असं वाटलं.

कागद बाहेर आला की 'वर' डोक्याकडे धरून पाहा. सगळं मध्यावर असेल तर पिवळ्यावर निळा बसून एकच हिरवा चौकोन दिसतो. नसेल तर मधे हिरवा, एका कडेला पिवळी पट्टी आणि तिच्या समोरच्या कडेला तेवढीच निळी पट्टी. माझ्या पहिल्या कागदावर वर जाडजूड पिवळी पट्टी होती, डावीकडे बारीक. खाली आणि उजवीकडे निळी.

पिवळी पट्टी हा फोटो जिकडे सरकतो तिकडचा पुरावा. आणि तिची रुंदी ही चुकीच्या दुप्पट असते, कारण पहिल्यांदा चौकोन एका बाजूला सरकला आणि कागद फिरवल्यावर तेवढाच उलट्या बाजूला. घडी घालून कापलेल्या कापडात घडीवर एक सूत चुकलं तर उलगडल्यावर दोन सूत दिसतं, तसंच. ही दुप्पट पुढे फार कामाची आहे, पण आधी पट्टी मोजा. ती मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही.

अठरा मिलिमीटर

माझी वरची पट्टी भरली १८ मिलिमीटर. मी मुलीला फोन लावला.

"आई, कागदाचा साइज काय दाखवते?"

"ए-४ च हाय ना. हातात धरून हाय मी."

"हातातला नाही व, कॉम्प्युटरमधला सांग."

कॉम्प्युटरमध्ये लेटर होता. लेटर म्हणजे अमेरिकेतला कागद, साडेआठ बाय अकरा इंच, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात रिम मागितली की मिळतो तो ए-४, २१० बाय २९७. लांबीतला फरक बरोबर १८. प्रिंटर बिचारा २७९ चा मध्य काढून १३९.५ वर छापत होता, आणि कागदाचा मध्य होता १४८.५ वर. फोटो ९ मिलिमीटर वर चढला. परीक्षेत त्याची दुप्पट दिसली.

म्हणून उभी पट्टी १८ च्या आसपास आली की मार्जिनच्या नादी लागू नका, साइज बदला. आडवी पट्टी ६ च्या जवळ दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही. कागद तुमच्या यंत्रात एका कडेला टेकतो की दोन्हीकडून धरून मधोमध बसतो, त्यावर ते आहे. माझ्यात कागदाची उजवी कड पक्क्या बाजूला टेकते, म्हणून फोटो डावीकडे गेला होता.

साइज एका जागी बदलून भागत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्सखाली आपला प्रिंटर निवडून प्रिंटिंग प्रेफरन्सेस उघडा, तिथे ए-४ करा. मग ज्या प्रोग्रॅममधून छापता त्याच्या पेज सेटअपमध्येही पाहा. तो आपला वेगळा साइज धरून बसलेला असू शकतो. प्रिंटरला स्वतःची स्क्रीन असेल तर त्यातही कागदाचा साइज विचारलेला असतो. मोबाइलवरून छापता तेव्हा प्रिंटचं पान उघडलं की वरच कागदाच्या साइजचा पर्याय असतो, तिथेही लेटर लपून बसलेला मी पाहिलाय. फोटो आडवा-उभा कसाही असो, आधी हे चार ठिकाणं पाहायचे. गावातल्या दोघांना मी फोनवरच एवढं सांगितलं आणि त्यांचं काम तेवढ्यावरच झालं.

पट्टी दरवेळी वेगळी येत असेल तर

ही परीक्षा एकदा करून थांबू नका. नवा कागद घेऊन तीनदा करा. तिन्ही वेळा पट्टी सारखी आली तर दोष आकड्यांत आहे, आणि आकडे सुधारता येतात. एकदा ३, एकदा ७, एकदा वाकडीच, असं आलं तर कॉम्प्युटर बंद करा आणि कागदाकडे पाहा. तो सरळ आतच जात नाहीये. अशा वेळी मार्जिन बदलणं म्हणजे हलत्या पोराच्या छातीचं माप घेणं.

वैशाखात माझं हेच झालं होतं. खोलीत कूलर खिडकीला, आणि प्रिंटर कूलरच्या समोर, कारण मलाही तिथेच बसून शिवायचं असतं. कूलरची हवा ओली. मागे उभे ठेवलेले कागद ती ओल ओढतात, टोकाला वाकतात, एकमेकांना चिकटतात, आणि एका कागदाबरोबर दुसरा अर्धा आत जातो. वरून हवेचा झोत कागदाला फडफडवतो ते वेगळंच. बाहेर मात्र इतकं कोरडं ऊन की कूलर बंद केला तर फोटो पेपर शाईच्या बाजूने पापडासारखा वळतो. यावर मी केलं ते एवढंच: प्रिंटर कूलरच्या पाठीमागच्या भिंतीला नेला, कागद रिमच्या पाकिटात गुंडाळून कपाटात, आणि मागच्या ट्रेमध्ये छापायचे तेवढेच कागद. काम झालं की ट्रे रिकामा. पावसाळ्यातही हेच, ओल वेगळ्या वाटेने येते एवढंच.

वळलेला फोटो पेपर उलट्या बाजूने हलक्या हाताने वळवून सपाट करा, कडेला मोड येऊ देऊ नका.

मग गाइड. कागदाच्या कडेला टेकणारा तो प्लास्टिकचा सरकता तुकडा. कोणी तो लावतच नाही, कोणी गच्च आवळतो. सैल असेल तर कागद तिरपा जातो, आवळला तर मधोमध फुगतो आणि रोलर त्याला एका बाजूने ओढतो. काजातून बटण जसं जातं, अडकत नाही आणि लटकतही नाही, तेवढाच. कागद ठेवल्यावर वरून बोटाने हलवून पाहा. डावीकडे-उजवीकडे सरकला नाही पाहिजे, वर-खाली मोकळा पाहिजे. माझ्या यंत्रात एक बाजू पक्की आहे आणि दुसऱ्या बाजूचा गाइड सरकतो. काही यंत्रांत एक गाइड सरकवला की दुसराही सरकतो, तिथे कागद मधोमध धरला जातो. चार बाय सहाचा छोटा कागद ठेवताना हे माहीत नसलं की तो भलत्याच जागी ठेवला जातो. मी पहिल्यांदा बुद्धीने मधोमध ठेवला होता, आणि नंदीचं शिंग प्रिंटरच्या पोटात छापलं गेलं. चार दिवस येणारा प्रत्येक कागद पाठीमागे काळा होऊन येत होता.

आणि रोलर. माझ्या घरी हा दोष जास्त, कारण शिलाई मशीनचा भुरका हवेत असतो. सुताचे बारीक तंतू रबरी रोलरवर चिकटतात आणि त्याची पकड एका बाजूने सुटते. प्लग काढा, सुती पण भुरका न सुटणारं जुनं कापड, म्हणजे दहा वेळा धुतलेलं मलमल, पाण्याने जेमतेम ओलं करा, पिळून घ्या, आणि हाताला लागणारा रोलर फिरवत पुसा. वाळू द्या. रॉकेल, थिनर असलं काही लावू नका, रबर कडक होतं. रोज संध्याकाळी प्रिंटरवर मी आता मामाजींच्या जुन्या धोतराचा तुकडा झाकते.

लाइन गेल्यावर कागद अर्ध्यात अडकला तर हिसका देऊन ओढू नका. लाइन आली की यंत्र स्वतः बाहेर टाकतं बहुतेक वेळा.

बारीक पट्टी आणि मार्जिनचा हिशोब

साइज ए-४ झाला, कागद सरळ जाऊ लागला, आणि परीक्षा पुन्हा केली. डावीकडची पट्टी गेली. वर ४ मिलिमीटरची पिवळी राहिली, तिन्ही कागदांवर तेवढीच.

यात यंत्राची चूक म्हणावी असं काही नाही. घरच्या प्रिंटरला कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. वर-बाजूंना ३ मिलिमीटरच्या आसपास जागा सुटते, खाली काहींमध्ये ५, आणि जुन्या काही इंकजेटमध्ये १२ हून जास्त. कारण कागदाचं शेपूट पहिल्या रोलरमधून सुटलं की पकड ढिली पडते, म्हणून खाली यंत्र सावध राहतं. आता एखादा प्रोग्रॅम 'मध्य' काढताना कागदाचा न काढता छापता येणाऱ्या जागेचा काढतो. वर ३ आणि खाली १३ सुटत असेल तर तो मध्य ५ मिलिमीटर वर जातो. तुमच्या परीक्षेत १० ची पट्टी दिसेल.

इथे ती दुप्पट कामी येते. पट्टी ४ मिलिमीटर, म्हणजे फोटो खरा २ ने वर. पण सेंटरिंग चालू असताना वरचं मार्जिन ४ ने वाढवलं तर फोटो निम्माच, २ ने खाली येतो, कारण उरलेल्या जागेचा मध्य निम्म्यानेच हलतो. एकीकडे दुप्पट, दुसरीकडे निम्मं, दोन्ही कटले. म्हणून भागाकार नाही, गुणाकार नाही: पिवळी पट्टी ज्या कडेला दिसते त्या कडेचं मार्जिन पट्टीच्या रुंदीएवढं वाढवा. माझं वरचं २० चं २४ झालं, बाकी तिन्ही २० च. पुन्हा पिवळा, पुन्हा निळा, आणि बाहेर आला तो हिरवागार चौकोन, कडेला केसाएवढी पट्टी. तेवढी मी सोडून दिली. एवढी बारीक चूक दरवेळी वेगळी येते, तिच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

मोठा फोटो छापायचा असेल आणि २४ फार वाटत असेल तर वर १२ आणि खाली ८ करा. फरक ४ चा राहिला की झालं. फक्त कोणतंच मार्जिन यंत्राच्या न छापता येणाऱ्या कडेपेक्षा कमी नको, नाहीतर ते आकडा ऐकतच नाही. 'फिट टू' लावलं असेल तर मार्जिनसोबत फोटोचा आकारही बदलतो, हे लक्षात असू द्या.

काही लेझर प्रिंटरच्या मेनूत 'एक्स ऑफसेट', 'वाय ऑफसेट' असे आकडे असतात. तिथे सगळं पान सरळ सरकतं, म्हणून तिथे पट्टीचा निम्मा आकडा टाकायचा. आणि आडव्या पानाची परीक्षा वेगळी करा. आडवा फोटो छापताना कागद उभाच आत जातो, प्रोग्रॅम फोटो वळवतो, त्यामुळे उभ्या पानाचं 'वर' तिथे डावं किंवा उजवं होऊन जातं. डोक्यात फिरवत बसण्यापेक्षा दोन कागद घालवा.

वर्डमधून छापणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. फोटो सेंटर केला तरी त्या ओळीला आधीचा इंडेंट, म्हणजे डाव्या मार्जिनपासून सोडलेली जागा, लागलेला असतो आणि फोटो त्याच्या निम्म्याने उजवीकडे जातो. वरच्या रुलरवरचे ते छोटे त्रिकोण मार्जिनला आणून चिकटवा. उभ्या मध्यासाठी पेज सेटअपच्या लेआउटमध्ये व्हर्टिकल अलाइनमेंट सेंटर करा, आणि फोटोखाली रिकाम्या ओळी सोडल्या असतील तर पुसा. त्याही जागा खातात.

प्रिंट हेड अलाइनमेंट करून फोटो मध्यावर येत नाही. मी दोनदा करून पाहिलं. ते रंगांच्या रेघा एकमेकींवर नीट बसवायला असतं, पानावरची जागा हलवायला नाही. शाई जाते फुकट.

हिरवा चौकोन आला, तरी फोटो वाकडा

मग दोष फोटोत आहे. मामाजींचा फोटो जुना, त्यांच्या लग्नानंतरचा, कोपरे झिजलेला. स्कॅनरच्या काचेवर मी तो एका कोपऱ्यात ठेवून स्कॅन केला होता, आणि उजवीकडे काचेच्या झाकणाची पांढरी कड फोटोसोबतच आली होती. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरी कड कोणाला दिसते? प्रिंटरने सगळं चित्र मध्यावर छापलं, कडेसकट. मामाजी आपोआप डावीकडे गेले. फोटो उघडला की आधी क्रॉप करा, चारही कडा फोटोच्या आत घेऊन. पांढऱ्या कडेचा संशय असेल तर कडेला बादलीने कोणताही गडद रंग ओतून पाहा. पांढरा भाग असेल तर लगेच रंगतो. मग अनडू करा.

मोबाइलचा फोटो बहुतेक ४:३ असतो आणि चार बाय सहाचा कागद ३:२. म्हणजे पूर्ण फोटो बसवला तर लांबीत पाऊण इंचाला थोडी कमी जागा रिकामी राहते, दोन्हीकडे साधारण ८ मिलिमीटर. ती सारखी वाटली गेली पाहिजे एवढंच आपल्या हातात. विंडोजच्या फोटो छापायच्या खिडकीत खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' अशी खूण असते. ती ठेवली तर जागा भरते पण फोटोच्या कडा कापल्या जातात. तान्ह्या पोळ्याच्या फोटोत पोट्टं टोपी-उपरणं घालून एका कडेला आणि नंदी दुसऱ्या कडेला, अशा वेळी ती खूण काढूनच टाकते मी. बॉर्डरलेसमध्येही, म्हणजे पांढरी कड न सोडता छापताना, तसंच. तिथे यंत्र फोटो थोडा मोठा करून कागदाबाहेर सांडतं, सांडलेली शाई आतल्या स्पंजात जाते. काही ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरमधून प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हे मोठं करणं कमी करायचा सरकता दांडा असतो, तो सगळ्यात कमीवर न्या. बॉर्डरलेसला मार्जिन नसतं, त्यामुळे वरचा हिशोब तिथे लागत नाही.

शेवटचा सरकवणारा फ्रेमवाला. बाजारात मिळते ती आठ बाय बाराची फ्रेम, म्हणजे २०३ बाय ३०५. ए-४ आहे २१० बाय २९७. रुंदीत ७ मिलिमीटर जास्त, लांबीत ८ कमी. फ्रेमवाल्याने जास्तीचे ७ एकाच बाजूने, डाव्या, एका कात्रीत उडवले. त्याच्या दृष्टीने काम झालं. आता मी कागद देण्याआधी घरीच दोन्हीकडून साडेतीन साडेतीन कापून देते, आणि लांबीतले ८ वर-खाली चार-चार वाटून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवते. चौकटीची पट्टी ते झाकते.

तेरवीच्या आदल्या रात्री नऊ वाजता सातवा फोटो पेपर लावला. साइज ए-४, वर २४, बाकी २०, स्कॅन कापलेला, कूलर बंद, घामाने हात ओले म्हणून कागद कडेने धरलेला. बाहेर आला. मी फुटपट्टी लावली, सासूबाईंनी नाही लावली. त्यांनी फक्त पदर डोळ्याला लावला आणि म्हणाल्या, "आता बरोबर बसले."

प्रिंटरच्या झाकणाच्या आत मी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलंय: 'उभं वर २४, बाकी २०. आडवं डावं २३, बाकी २०.' ड्रायव्हर नव्याने टाकला किंवा रोलर पुसला की पुन्हा पिवळा-निळा करते. ते हिरवे चौकोन पडलेले कागद टाकत नाही, ब्लाउजच्या गळ्याचे फरमे कापायला येतात.